चुकीच्या दाराचं कुलूप

१

दर्शना गावडे रडत नव्हती, आणि संघमित्राला त्याचीच धास्ती वाटत होती. ‘खात्री विवाहपूर्व चौकशी’ या दादरच्या दीड खोलीच्या कचेरीत आजवर रडून गेलेल्या बायकांची गणतीच नव्हती. रडणाऱ्या बाईला पाणी द्यावं, पंखा वाढवावा, थोड्या वेळानं ती मोकळी होते आणि कामाचं बोलायला लागते. ही बाई मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून ताठ बसली होती आणि जो माणूस तिला बुडवून गेला त्याचीच बाजू मांडत होती.

"त्यांना काहीतरी झालं असणार हो ताई. बोटीवर इंजिनीअर आहेत ते. ॲपवर नाव दिसत नाही, नंबर बंद आहे. तुम्ही फक्त माणूस शोधून द्या. मोहनमाळेचं मग बघू."

"मोहनमाळ त्यांच्याकडे गेली कशी?" संघमित्राने विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर्शना विधवा, चाळिशी ओलांडलेली. नवरा गेल्यापासून डिलाईल रोडच्या चाळीत भावाच्या घरी राहते, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. दुसरं लग्न करू पाहणाऱ्यांच्या एका ॲपवर तिला निरंजन सबनीस भेटला. पुण्याचा, विधुर, शांत स्वभावाचा. सहा महिने रोज मेसेज. त्याने कधी एक पैसा मागितला नाही, आणि तिचा विश्वास बसला तो त्यामुळेच. मग लग्नाचं ठरलं. त्याची एक मावशी गिरगावात राहते, तिचा घरचा सोनार आहे. दर्शनाच्या आईच्या मोहनमाळेसारखेच मणी घालून मंगळसूत्र घडवायचं, असं त्याच्या मनात होतं. नमुन्यापुरती माळ हवी होती. मावशी थकलेली, म्हणून पार्सल नेणारा पोरगा पाठवला. दर्शनाने माळ रव्याच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवून त्याच्या हातात दिली.

"दुसऱ्या दिवशी सगळं बंद," दर्शना म्हणाली. "गिरगावात जाऊन आले. त्यांनी सांगितलेल्या नावाची इमारतच नाही तिथे."

"माळ कुणाची होती? तुमची एकटीची?"

पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली. "आईची. आमच्या घरातली प्रत्येक नवरी ती घालून उभी राहते. पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं, अनुजाचं लग्न आहे. दादाला काल सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही."

संघमित्राने नोंद करायला कोरा कागद हवा म्हणून कपाटाच्या खालच्या खणाकडे हात नेला, तेवढ्यात तिचा भागीदार विकास राणे टुणकन उठला. "थांब संघा, ते जाम झालंय, मी काढतो," म्हणत तो उकिडवा बसला, खण जेमतेम वीतभर उघडून कागद काढले आणि पुन्हा पाय मारून बंद केला.

विकास म्हणजे कचेरीचे पाय. ती टेबलाशी बसून माणसं वाचायची आणि तो चाळीचाळीतून हिंडून माहिती आणायचा. बोटांनी टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून सगळे अहवाल फोनला तोंडी सांगायचा. जिन्यात त्याचं पुटपुटणं सुरू झालं की शेजारच्या पत्रिकेच्या दुकानातले लोक हसायचे. चहा प्यायचा नाही, थर्मासातलं गरम पाणी प्यायचा. आणि रोज दुपारी पार्टिशनवरून डोकं काढून आपल्या मालवणी हेलात विचारायचा, "काय गो, जेवलंस?" संघमित्राचं मागेपुढे कुणी नव्हतं. भांडणाच्या दिवशीसुद्धा तो प्रश्न चुकला नव्हता. आज दुपार टळून गेली तरी विकास गप्प होता. क्लायंट समोर बसल्यावर कसं विचारणार, असं तिला वाटलं.

जायला उठताना दर्शना दारात थबकली. "ताई, एक गोष्ट मला कळत नाही. ते आमच्या चाळीत कधी आले नाहीत. मग गॅलरीत मी कुठल्या टोकाला बसते, हे त्यांना कसं माहीत होतं?"

२

दर्शनाने फोन विश्वासाने ठेवून दिला होता. संघमित्रा दुसऱ्या दिवशी सकाळपासून मेसेज वाचत होती आणि तिचा संताप वाढत होता. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. दुसऱ्याच दिवशी ‘ॲपवर नको, इथे बोलू’ म्हणून वेगळ्या नंबरावर नेणं. आठवड्यात ‘तुझ्यासारखी कुणी भेटली नाही’. व्हिडिओ कॉल म्हटलं की बोटीवर नेट नाही, फोन म्हटलं की ड्युटी. ‘आपलं आत्ताच कुणाला सांगू नकोस, लोकांची नजर लागते.’ भेटीचे बेत तीनदा ठरले आणि ऐन वेळी मोडले.

"सहा महिन्यांत आवाजसुद्धा ऐकवला नाही रे यानं," ती म्हणाली. "आणि आपण भाजी घेताना मेथीची जुडी चारदा उलटून बघतो."

विकासने फोटो इंटरनेटवर शोधून दिला होता. निरंजन सबनीस म्हणून जो देखणा माणूस हसत होता तो कुठल्याशा दूरदेशीचा दंतवैद्य निघाला. "झालं तर," विकास थर्मास उघडत म्हणाला. "परदेशात बसून चालवतात हे धंदे. माळ कधीच वितळली असेल. बाईला पोलिसांकडे पाठव आणि मोकळी हो. आपण केस घेऊ नये असं माझं मत आहे."

"परदेशात बसलेल्या माणसाला गॅलरीचं टोक कसं दिसलं? आणि पार्सलवाल्या पोरानं दर्शनाला सांगितलं होतं, दादरच्या फुलबाजाराशी डबा द्यायचाय म्हणून. गिरगाव कुठे, फुलबाजार कुठे."

"फुलबाजारात लाख माणसं असतात गो."

ते खरंच होतं. ती पुढे वाचत राहिली. निरंजनची भाषा शुद्ध, पुस्तकी. फक्त दुपारच्या मेसेजांत तो जरा सैल व्हायचा: ‘जेवलंस?’ ‘दमलंस का आज?’ लहान पोरीला लाडानं विचारावं तसं. चाळीशीतल्या बाईशी कुणी असं बोललं तर ती विरघळणारच, असं संघमित्राला वाटलं.

आणि मग ते वाक्य आलं. ‘दिवसभर जगासाठी हसायचं आणि घरी येऊन आपल्या दाराचं कुलूप आपणच उघडायचं, हे मी तुझ्या वाट्याला येऊ देणार नाही.’

संघमित्राने फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. खोट्या माणसाच्या खोट्या वाक्यानं आपल्याला असं का धरून ठेवावं, याचा तिला रागही आला. तिने अनुजाच्या नंबरावर फोन लावून दर्शनाला बोलावून घेतलं.

"छान होतं ते वाक्य," दर्शना ओशाळून म्हणाली. "मी दोन दिवस तेच वाचत होते. पण ताई, आमच्या दाराला कुलूप कुठलं? चाळीत घरात कुणी ना कुणी असतंच. आणखी पण एक असंच होतं. ते म्हणायचे, तू पूर्वी भजनं म्हणायचीस, तुझ्या आवाजाची सगळी चाळ वेडी होती. माझी जीभच रेटली नाही नाही म्हणायला."

"का?"

"कारण मी जन्मात कधी भजन म्हटलेलं नाही. माझा आवाज ऐकून मांजर पळतं."

३

चाळीत जायचं काम विकासचं. पण विकासचा गुडघा आखडला होता. "आज जिने जमणार नाहीत. तूच जा. आणि त्या भावाला धर, दुसऱ्या कुणात वेळ घालवू नको. जिन्याखाली एक मासेवाली बसते म्हणालीस ना, ती काय सांगणार?"

इतक्या वर्षांत त्याने प्रथमच तिला चाळीत धाडलं होतं. संघमित्राने मलम आणून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघाली.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत दर्शनाचा भाऊ रामचंद्र परब दारातच उभा होता. गिरणीच्या पिढीतल्या बापाचा मुलगा, आता एका खाजगी इमारतीत लिफ्टचं काम बघणारा. घरात लग्नाची गडबड. पलंगावर साड्यांची चवड, कोपऱ्यात रुखवताची खोकी. दर्शना स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी होती.

"येवा, बसा," रामचंद्र म्हणाला आणि मग त्याचा बांध फुटला. "माका काय इचारतास? तिका इचारा. आमच्या आवशीची माळ ती. सासूनं दिलेली नाय, दुकानातून आणलेली नाय, आवशीनं पोटाक चिमटो काढून केलेली. मी सांगलंय हिका, मोबाइलातलो माणूस म्हणजे फोटोतलो लाडू. ऐकला नाय."

"तुम्हाला निरंजनबद्दल माहीत होतं?"

"सगळा माहीत होता. रोज दुपारी हसत बसायची गॅलरीत. मीच म्हटलंय, हसूदे. इतक्या वर्सांनी हसता." त्याने तोंड फिरवलं. "अनुजा म्हणता, बाबा, माळ नको, आत्याक ओरडू नको. पण उद्या मांडवात सगळे नातेवाईक इचारतले. माझ्या बहिणीचा नाव निघताला तोंडातोंडी. ता कसा ऐकू मी?"

माळेवर त्याचाही हक्क होता. बहिणीची प्रत्येक सवय त्याला ठाऊक होती. बहीण लग्न करून गेली तर घरातला तिचा पगार जाणार, हेही होतं. संघमित्रा माणसं वाचण्यात पटाईत, पण या माणसाचा राग तिला नीट वाचता येईना. खरा राग आणि अंग झाकायला पांघरलेला राग लांबून सारखेच दिसतात.

ती उठली. मागे रामचंद्र ओट्याकडे गेला. परवापासून न बोललेला तो भाऊ बहिणीच्या पाठीमागे जरा घुटमळला आणि खाली बघत म्हणाला, "काय गो, जेवलंस?"

संघमित्राचा पाय उंबऱ्यातच थांबला. हुबेहूब तोच शब्द. पुण्याचा निरंजन ‘जेवलीस’ म्हणाला असता. ‘जेवलंस’ म्हणणारा माणूस कोकणातला होता, आणि तो बाईच्या घरातलाच असायला हवा होता.

४

पण मग भजनाचं काय?

जिना उतरताना ती स्वतःशी भांडत होती. रामचंद्रला बहिणीचा आवाज लहानपणापासून माहीत. मांजर पळवणाऱ्या आवाजाला चाळ वेडी झाली, असं तो कशाला लिहील? ज्याने हे लिहिलं त्याला दर्शनाचं खूप माहीत होतं, पण कुणाकडून तरी ऐकून माहीत होतं. आणि त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं.

जिन्याखाली किर्ती वैती पाटी लावून बसली होती. शीवच्या कोळीवाड्यातून रोज सकाळी ताजी मासळी घेऊन येणारी, हातात हिरव्या बांगड्या, कोयत्याला क्षणाची उसंत नाही. दर्शनाची ही जिवाभावाची मैत्रीण. ॲपवर तिचं नाव हिनेच घातलं होतं, फोटोही हिनेच काढला होता.

"मीच तिला बोलली, घाल नाव," किर्ती बोंबील साफ करत म्हणाली. डोळे लाल होते. "मी रांडमुंड बसून राहिली तशी तू राहू नको. आता ती माझ्याशी पण नीट बोलत नाय. मला वाटतं, तिच्या गळ्यातलं मीच काढून दिलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, दर्शना भजनं गाते म्हणून?"

कोयता थांबला. किर्तीने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडाशी पदर नेला.

"अगो बाय! ते तुला कुणी सांगितलं?"

"आधी तुम्ही सांगा."

"दोनेक वर्षं झाली. एक माणूस आलेला, बँकेचा आहे बोलला. पण मी काय कालची नाय. लग्नाच्या चौकशीला आलेत ते लगेच कळतं. शीवचं कुठलं तरी स्थळ होतं तिला. तर मी मीठमसाला लावून सांगितलं. स्वभावाने गरीब, सासूची सेवा केली, ते सगळं खरंच होतं. पण तो म्हणाला, काही छंद? आता हिला कसला छंद! मी दिलं ठोकून, भजनं म्हणते, आवाज असा की सगळी चाळ वेडी. आपल्या पोरीचं चांगलं व्हावं म्हणून एवढं खोटं कोण बोलत नाय?"

"हे आणखी कुणाला बोलला होतात?"

"कुणाला बोलणार? चाळीतले हसले असते ना मला. दर्शूला पण नाय सांगितलं."

संघमित्राने पाटीच्या कडेला हात टेकला. शीवचं स्थळ. भजनाची आवड. असा एक अहवाल आपल्या टेबलावरून गेला होता. स्थळ जमलं नव्हतं, नाव विसरायला झालं होतं. शेकडो नावं येतात आणि जातात. चौकशी ज्याची होते त्याला आपण कधी भेटत नाही, हाच तर या धंद्याचा नियम.

"तो माणूस दिसायला कसा होता?"

"बरा होता की. मी चहा मागवला तर नको बोलला, गरम पाणी मागितलं. आणि जाताना मोबाइलला सांगत सांगत गेला, जसं कुणाला पत्र सांगतोय."

संघमित्राने फोन काढला. कचेरीच्या दसऱ्याच्या पूजेचा फोटो होता. झेंडूच्या तोरणाखाली दोघं उभी. तिने फोटोतल्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि स्क्रीन किर्तीसमोर धरली. मनात एकच होतं, ही नाही म्हणू दे.

"हाच," किर्ती म्हणाली. "पण हा तुझ्याबरोबर कसा?"

५

दादरला ती टॅक्सीने आली, वाटेत तिने दोन फोन केले. कचेरीला कुलूप होतं. गुडघा आखडलेला माणूस बाहेर गेला होता.

तिने पर्समधून किल्ली काढली, कुलपात घातली, पण फिरवली नाही.

एका दिवाळीची संध्याकाळ तिला आठवली. कचेरी बंद करताना विकास घाईत होता, घरी त्याची बायको फराळ घेऊन वाट बघत होती. संघमित्रा थकली होती. आयुष्यात क्वचितच ती असं कुणाजवळ बोलली असेल. "दिवसभर जगासाठी हसायचं आणि घरी जाऊन आपलं कुलूप आपणच उघडायचं. कंटाळा आला रे विकास." तिच्या पिशवीत त्याने आपल्या डब्यातल्या दोन करंज्या ठेवल्या होत्या, आणि ती घरी जाऊन त्या करंज्यांकडे बघत बराच वेळ बसली होती.

ते वाक्य चुकीच्या दारावर जाऊन पडलं होतं. दर्शनाच्या दाराला कुलूप नव्हतं. कुलूप हिच्या दाराला होतं.

आत येऊन तिने कपाटाचा खालचा खण ओढला. तो मुळीच जाम नव्हता. कोऱ्या कागदांच्या मागे एक स्टीलचा डबा होता. झाकण उघडताच वेलची आणि साजूक तुपाचा वास आला. तळाशी रुमालात गुंडाळलेली मोहनमाळ होती. दर्शना ज्या खुर्चीवर ताठ बसून त्या माणसाची काळजी करत होती, तिथून हात लांब केला असता तर लागली असती.

डबा टेबलावर ठेवून ती बसून राहिली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, दार ढकललं गेलं आणि पार्टिशनवरून डोकं डोकावलं.

"आलंस? काय गो, जेवलंस?"

"नाही," ती म्हणाली. "बस, विकास."

त्याला डबा दिसला. तो बसला नाही.

"तुझा गुडघा एकदम दुखायला लागला," संघमित्रा म्हणाली. "पण त्याच गुडघ्यावर काल तू माझ्याआधी खणाशी बसलास. तूच मला शिकवलंस की चाळीची खरी बातमी मासळी घेताना कळते, आणि आज म्हणालास मासेवाली काय सांगणार. तिने तुला पाहिलं होतं, म्हणून तू चाळीत पाय टाकणार नव्हतास. गॅलरीतलं दर्शनाचं टोकही तू तेव्हाच बघून ठेवलंस. भजनाचं खोटं तिने एकाच माणसाला सांगितलं. ते तू खरं मानलंस, आपल्या अहवालात घातलंस आणि मग निरंजन होऊन त्याच बाईला ऐकवलंस. फोनला तोंडी सांगून लिहितोस ना? म्हणून पुण्याच्या इंजिनीअरच्या तोंडून ‘जेवलंस’ निघालं. मी ते वाचलं आणि मला काही खटकलं नाही. रोज ऐकते ना. दर्शना इथे बसली असताना तू ते विचारलं नाहीस, तेव्हासुद्धा मला कळलं नाही."

विकास खुर्चीत टेकला. नाही म्हणायचा प्रयत्नही त्याने केला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"लोक हल्ली आपापल्या मोबाइलवर चौकशा करतात," तो म्हणाला. "आपल्याकडे येतं कोण?"

"म्हणून मोबाइलवर तू जाऊन बसलास?"

"पहिल्यांदा नुसतंच बोलायला लागलो गो. शपथ. कुणीतरी आपली वाट बघतंय, मेसेज गेला की हसतंय. घरी मला कोण विचारतं? मग एकदा तिने माळेचा फोटो पाठवला." त्याची नजर डब्यावर गेली. "सहा महिने ती सुखात होती, संघा. तिला विचार."

"तिच्या सुखाची मालकी तुझ्याकडे कुणी दिली? तिच्या भाचीचं लग्न तोंडावर आलंय. आणखी किती जणी आहेत?"

तो थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिला. म्हणजे होत्या. बाया कशाला भुलतात, कशाला घाबरतात, कुणाच्या घरी कोण नाही, हे सगळं या कचेरीने त्याला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. विश्वासाने सांगितलं होतं.

"ते कुलपाचं वाक्य," ती म्हणाली. हे विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "ते तरी सोडायचं होतंस."

"कुठलं वाक्य?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो नाटक करत नव्हता.

"घरी येऊन आपल्या दाराचं कुलूप आपणच उघडायचं."

"ते होय," विकास म्हणाला. त्या अवस्थेतही त्याच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला. "ते माझं मलाच सुचलेलं. सगळ्यांना आवडायचं ते."

सगळ्यांना. संघमित्राला वाटलं, चोरी झाली असती तर परवडली असती. चोराला निदान ठाऊक असतं की वस्तू दुसऱ्याची आहे. आयुष्यात एकदा तिने आपलं दुःख कुणापुढे ठेवलं होतं आणि त्या माणसाला ते कुणाचं होतं हेही आठवत नव्हतं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पोलिसांबरोबर किर्ती आणि रामचंद्र जिना चढत होते. विकास उठला, सवयीने थर्मास उचलला, आणि मग तो कुठे ठेवावा ते न कळून तसाच उभा राहिला.

६

पोलिसांचं लिहून-टिपून झाल्यावर माळ लग्नाच्या आदल्या दिवशी हातात आली. परळच्या हॉलमध्ये अनुजा ती घालून उभी होती आणि बघणारा प्रत्येक जण म्हणत होता, आजीचीच ना ही? नातेवाइकांना काही कळलं नव्हतं. रामचंद्रने कुणाला कळू दिलं नव्हतं.

संघमित्राला आमंत्रण होतं. गेले काही दिवस ती जुन्या अहवालांतल्या बायकांना एकेक करून फोन करत होती, आपल्याच कचेरीतून काय गेलं ते सांगत होती. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी फोन आपटला, दोघी नुसत्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहणाऱ्यांकडे ती स्वतः जाऊन आली. दारावरची पाटी तिने उतरवली होती. ‘खात्री’ हा शब्द आता तिच्याच्यानं वाचवत नव्हता.

पंगतीच्या बाजूला दर्शना एकटी उभी होती. नवी साडी, केसात अबोली. किर्ती तिला दोनदा हाताला धरून नाचायला ओढून गेली होती आणि दोन्ही वेळा ती हळूच परत आली होती.

"माळ छान दिसतेय," संघमित्रा म्हणाली.

"हो." दर्शनाने केसातली अबोली नीट केली. "ताई, मला माहीत आहे तो नव्हताच. तरी दुपार झाली की हात फोनकडे जातो. लाज वाटते मला."

दुपार झाली की आपली नजरही पार्टिशनवर जाते, हे संघमित्राने सांगितलं नाही.

इतक्यात घामाघूम झालेला रामचंद्र वाढप्यांना ओरडत तिथून चालला होता. बहिणीला बघून थांबला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि मायेनं म्हणाला, "काय गो, जेवलंस?"

दर्शना एक पाऊल मागे सरली.

"दादा, असं नको विचारू मला."

"कसा?"

"असं. या शब्दात. काही दिवस तरी नको." तिचे डोळे भरून आले. कचेरीत न रडलेली ती बाई आता सगळ्या मांडवासमोर रडत होती. "तुझाच शब्द होता रे तो. आईचा होता."

रामचंद्रला अर्धंच कळलं. तो पंचा हातात घेऊन उभा राहिला. शेवटी त्याने दोन खुर्च्या ओढून दिल्या आणि वाढप्याकडे निघून गेला.

संघमित्रा तिच्याशेजारी बसली. पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग, तो शब्द टाळून, तिने विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या?"

दर्शनाने नाही म्हणून मान हलवली. नाक पुसलं.

"आणि ताई, तुमच्या?"

संघमित्रानेही नाही म्हणून मान हलवली. समोरून वाढपी वरणभाताची भांडी घेऊन येत होता. तिने दोन बोटं वर करून त्याला दोन पानं मांडायला सांगितलं.